सरकारी नोकरीतल्या बायकांचं वार्षिक ट्रेनिंग म्हणजे सहल? नाही हो

गेले आठ दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, मला तर चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. म्हणणं थोडक्यात असं, की सरकारी नोकरीत बाई-पुरुष दोघांना पगार सारखा, नियम सारखे, मग बायकांसाठी दरवर्षी वेगळी करिअर ट्रेनिंग कॉन्फरन्स कशाला, ही जनतेच्या पैशावर तीन दिवसांची सहल आहे, पुरुषांना असं काही मिळत नाही, आणि शिकायचंच असेल तर सगळं ऑनलाइन आहेच की. मी स्वतः सरकारी नोकरीत आहे, अशा कॉन्फरन्सना जाऊन आलेय, आणि त्या मेसेजला अंगठा देणाऱ्यांत माझ्या ओळखीची चांगली माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"सगळं आधीपासून सारखंच आहे."

नाही. उदाहरण म्हणून अमेरिकाच बघा. तिथे १८७० च्या एका कायद्याचा अर्थ असा लावला जायचा की सरकारी ऑफिसने जागा भरताना सरळ "पुरुषच पाठवा" म्हटलं तरी चालतं, आणि हे थेट १९६२ पर्यंत चाललं. ऑक्टोबर १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या ११३७५ नंबरच्या आदेशाने सरकारी नोकरीत स्त्री म्हणून भेदभाव करायला बंदी आली, आणि पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, तिथल्या कर्मचारी बायकांनी 'फेडरली एम्प्लॉइड विमेन' ही संघटना काढली. वार्षिक राष्ट्रीय ट्रेनिंग हे या संघटनेच्या मुख्य कामांपैकी एक. म्हणजे आदेश निघाला, पण कागदावरचा आदेश आपोआप खुर्चीपर्यंत पोचत नाही हे त्या बायकांना तेव्हाच कळलं होतं.

लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायची हा नियम ब्रिटनच्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये १९४६ पर्यंत, ऑस्ट्रेलियात १९६६ पर्यंत आणि आयर्लंडमध्ये १९७३ पर्यंत होता. भारतात सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला, त्या सेवेत बाईला लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी लागायची, आणि प्रमोशन डावललं म्हणून त्यांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं, निकाल १९७९ चा, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. हे काही पणजीच्या काळातलं नाही हो, लग्न झालं म्हणून नोकरी सुटलेल्या बायका आजही हयात आहेत.

"पगार सारखाच, मग अडचण काय?"

पगार पोस्टला असतो. अमेरिकेत सरकारी नोकरांच्या मुख्य पगारश्रेणीत १५ ग्रेड, प्रत्येक ग्रेडमध्ये १० पायऱ्या. ग्रेडमधल्या पायऱ्या काम ठीक असेल तर वर्षं भरली की मिळत जातात, पण वरच्या ग्रेडची जागा निघाली की अर्ज करा, केलेलं काम लिहून दाखवा, इंटरव्ह्यू द्या. आणि बायकांची खरी गळती इथेच होते.

मागच्या खेपेला माझ्या शेजारी अकाउंट्समधल्या एक ताई होत्या, चौदा वर्षं सर्व्हिस. सेशन होतं स्वतःच्या कामाची माहिती कशी लिहायची याचं. त्यांनी लिहिलं, "नवीन बिलिंग सिस्टिमच्या कामात सहकार्य केले." शिकवणाऱ्या मॅडमनी पेन्सिलने "सहकार्य" ला गोल केला आणि विचारलं, सिस्टिम बंद पडली की फोन कुणाला यायचा? मला. जुन्या नोंदी नव्यात कुणी चढवल्या? मी आणि एक मुलगा, त्यालाही मीच शिकवलं. किती बिलं अडकली होती? ३१२, आकडा तोंडपाठ. मग ते वाक्य असं झालं: "जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये आणण्याची जबाबदारी सांभाळली, अडकलेली ३१२ बिलं सहा आठवड्यांत मार्गी लावली." त्या कागदाकडे बघत त्या म्हणाल्या, असं लिहिलं तर चालतं का? चौदा वर्षं त्यांच्या फाइलमध्ये फक्त सहकार्य होतं, आणि निवड समिती फाइलच वाचते.

"जनतेच्या पैशावर सहल."

पैशाचा प्रश्न विचारायलाच हवा, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण नियम बघा ना. अमेरिकेत कॉन्फरन्सला ट्रेनिंग म्हणून मान्यता हवी तर तिचा जाहीर हेतू शिकवण्याचा हवा, निम्म्याहून जास्त वेळ ठरलेल्या सत्रांना हवा आणि विषय कामाला धरून हवा. आणि ज्या उधळपट्टीवरून तिथे खरंच गदारोळ झाला ती २०१० ची लास व्हेगासची कॉन्फरन्स बायकांची नव्हतीच, ती जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या खात्याची नेहमीची कॉन्फरन्स होती, खर्च आठ लाख डॉलरच्या वर. २०१२ मध्ये ते बाहेर आलं, खातेप्रमुख बाईंना राजीनामा द्यावा लागला, आणि मग एक लाख डॉलरच्या वरच्या कॉन्फरन्सला वरिष्ठांची मंजुरी सक्तीची झाली. त्यावरून कुणी "पुरुषांच्या कॉन्फरन्स बंद करा" म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

हां, काही कार्यक्रमांत पहिला अर्धा दिवस दीपप्रज्वलन, सत्कार आणि पाहुण्यांच्या भाषणात जातो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण तेवढ्या वेळात तीस जणींचे अर्ज तपासून झाले असते. ते बंद करा म्हणा, मी तुमच्या बाजूने सही करते.

"पुरुषांना काहीच नाही."

मी गेले तिथे पुरुषांना बंदी नव्हती, माझ्या गटात दोघे बसले होते आणि त्यांनीही आपलं "सहकार्य" खोडलं. पुढे.

"ऑनलाइन आहे की."

ऑनलाइन कोर्स मी भरपूर केलेत, नवीन नियम, सायबर सुरक्षा, असल्या गोष्टींना ते बेस्ट. पण "साहेब दरवेळी माझं नाव पुढे पाठवत नाहीत, काय करू" हे व्हिडिओला कसं विचारणार? आणि आपल्याच ऑफिसात कुणाला विचारलं तर संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर. मी ते जेवणाच्या रांगेत दुसऱ्या खात्यातल्या, आयुष्यात परत भेटणार नाहीत अशा एका ताईंना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, लेखी मागितलंय का कधी? नव्हतं मागितलं, अकरा वर्षं तोंडीच सांगत होते. परत आल्यावर सोमवारी अर्ज दिला, आवक नंबर घेतला, आणि नंबर पडल्यावर साहेबांना त्यावर हो किंवा नाही लिहावंच लागलं. हो लिहिलं.