‘आपोआप’ कुणी मागे पडलं नव्हतं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सुईणींबद्दल, तिथे ज्यांना ‘ग्रॅनी मिडवाइफ’ म्हणत, एक मत सर्रास पुढे पाठवलं जातं: त्या अडाणी होत्या, दवाखाने आले तशा आपोआप मागे पडल्या, आणि आता उरल्यात त्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, त्याला काही इतिहास म्हणत नाहीत. यातलं एकही मला पटत नाही.

आधी ‘अडाणी’. माता-बाळांच्या आरोग्यासाठी झालेल्या १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर बऱ्याच राज्यांत सुईणींची नोंदणी, शिकवणीचे वर्ग आणि पिशवीची तपासणी सुरू झाली. उकळलेली कात्री, नाळ बांधायची फीत, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, पांढरा एप्रन, जन्मनोंदीचा कोरा फॉर्म. ही पिशवी घेऊन बाई रात्री-अपरात्री निघायची. कळा तुटाव्यात म्हणून पलंगाखाली सुरी ठेवायची रीतही होती, ती लपवायचं कारण नाही. अलाबामा राज्यातल्या युटॉ गावच्या सुईण मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी ३,००० हून जास्त बाळंतपणं केली. अडाणीपणावर एवढं निभत नाही.

‘आपोआप’ तर धडधडीत खोटं. अलाबामाने १९७६ मध्ये कायदा करून या सुईणींचं काम बंद करायला घेतलं. तिथल्याच मोबील शहरातल्या सुईण ऑनी ली लोगन यांचा परवाना १९८४ मध्ये थांबवला. आणि दवाखाने आले, ते कुणासाठी? साठच्या दशकापर्यंत दक्षिणेतल्या कित्येक इस्पितळांत कृष्णवर्णीय बाईला घेतच नसत, घेतलं तर वेगळ्या वॉर्डात.

राहिल्या आठवणी. त्यात तारखा चुकतात, हे खरं. नव्वदीतली आजी दोन लेकरांची बाळंतपणं एकात मिसळते. म्हणून जन्मदाखला काढायचा. सुईणीने भरलेल्या नोंदीवरून दिवस पक्का होतो. पण पैसे नव्हते म्हणून कोंबडी दिली, की शेतातली भाजी? सुईण किती रात्री बाळंतिणीपाशी राहिली? हे दाखल्यावर नसतं. आरोग्य खात्याचे अहवाल पिशव्या तपासणाऱ्यांनी लिहिले, जिची पिशवी उघडली तिने नव्हे. लोगन काय म्हणत होत्या हे आज कळतं, कारण कुणीतरी समोर बसून त्यांचं बोलणं टेपवर घेतलं; १९८९ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

या सुईणींच्या हातची शेवटची बाळं आता चाळिशी ओलांडून गेलीत. त्यांच्या आया सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि विचारलं तर सांगतात.