नळ गळतोय? भिंत फोडा

सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच दांडीवर गरम-गार पाणी देणारा नळ, गळायला लागला की बरीच माणसं तो दुरुस्त करायला निघतात. तुम्ही निघू नका. टपटप आवाजाची सवय दोन रात्रींत होते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाचे ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटर आणि वर थोडं. खाली बादली ठेवा, खिडकीतली तुळस आणि मनीप्लँट भागतात. शहापूरच्या डोंगरांतून भातसा-तानसाचं पाणी एवढ्या लांब मुलुंडपर्यंत आणलंय, ते कुंडीत गेलं काय नि मोरीत गेलं काय.

पण असा नळ मिळवायचा तर खरेदी नीट व्हायला हवी. दुकानात गेलात की फक्त रंग विचारा: रोझ गोल्ड, मॅट ब्लॅक, ब्रश्ड निकेल. आत काय आहे ते विचारू नका, सेल्समनला लाजल्यासारखं होतं. आत कार्ट्रिज असतं, प्लंबरच्या तोंडी ‘कॅट्रिज’. कुठल्याही कंपनीचं घ्या, काम एकच. सिरॅमिकच्या दोन चकत्या एकीवर एक बसलेल्या. खालची स्थिर, वरची दांडीबरोबर सरकते. दांडी उचलली की पाणी, डावी-उजवीकडे नेली की गरम-गार. या चकत्या काचेवर ओरखडा काढतील इतक्या कडक, सहसा झिजत नाहीत. बिघडतं ते बुडाचं रबर, नाहीतर पाणीकपातीनंतर आलेल्या गढूळ पाण्यातला एखादा खडा मधे अडकतो. म्हणजे दोष नखाएवढ्या रबराचा. पण रबर सुटं मिळत नाही, म्हणून कार्ट्रिज बदलायचं. कार्ट्रिज मिळत नाही, म्हणून मिक्सर. मिक्सर भिंतीत गाडलेला, म्हणून भिंत.

आमच्याकडे येणारा प्लंबर ओडिशाचा, केंद्रापाड्याचा. मुंबईतल्या कित्येक प्लंबरांचं गाव तेच. त्याने दांडी काढली, कार्ट्रिज बाहेर ओढलं, बोटावर फिरवून पाहिलं आणि दवाखान्यात सांगतात तशा आवाजात म्हणाला, “ताई, ये माल बंद हो गया.” नळ घेऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती.

कुणी आगाऊ माणूस विचारेल, सगळ्या कंपन्या एकाच मापाचं कार्ट्रिज का नाही करत? त्याला शांतपणे सांगा की मापं ठरलेलीच आहेत. बहुतेक ३५ मिलिमीटर किंवा ४०, लहान नळांना २५. एवढं ऐकून तो गप्प बसतो. पुढचं सांगायचं नाही. व्यास तेवढा जुळतो. उंची ज्याची त्याची, दांडीच्या खुंटाची जाडी ज्याची त्याची, बुडाच्या दोन खुंट्या कुठे येणार हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि तळ सपाट ठेवायचा की पायांवर उभा करायचा हा त्या त्या घराण्याचा कुळाचार.

भिंतीकडच्या बाजूला मात्र हे स्वातंत्र्य नाही, याचं वाईट वाटतं. तिथे सगळीकडे तोच अर्धा इंची आटा, इंचाला १४ फेरे, ५५ अंशांचा कोन. तो कोन जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१ साली सुचवला, आणि त्याच्यापायी आज कोणाचाही नळ कोणाच्याही पाइपवर चढतो. जुन्या पितळी नळाच्या वायसरलासुद्धा भारतीय मानक आहे, आयएस ४३४६. वाण्याकडे जा, अर्धा इंची वायसर मागा, घरी येऊन पान्याने नळ उघडा, पाच मिनिटांत काम खलास. ना सुट्टी टाकायची, ना मिस्त्री बोलवायचा. अशाने अर्थव्यवस्था चालते का?

तरीही शोधायचंच असेल तर विधी पाळा. कार्ट्रिज दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घाला, शनिवारी हाफ डे टाका, स्लो लोकलने मशीद बंदरला उतरा आणि नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात शिरा. पहिला दुकानदार पिशवीत बघतो आणि पुढच्या दुकानाकडे बोट करतो. दुसरा माप घ्यायला व्हर्नियर काढतो. पस्तीस! आपला जीव भांड्यात पडतो. तो एक डबा उपडा करतो, त्यातून पन्नासेक कार्ट्रिज घरंगळतात आणि प्रत्येक आपल्या कार्ट्रिजशेजारी उभं करून बघतो. एक दीड मिलिमीटर उंच. एकाच्या खुंट्या तिरक्या. एक अगदी जुळं भावंड, पण दांडीचा खुंट जाड. शेवटी तो म्हणतो, “ये ले जाओ, थोडा घिस के बैठ जाएगा.” घेऊन या. बसत नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आता अशी चार आहेत, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत.

यापेक्षा भिंत बरी. कन्सील्ड मिक्सर काढायचा म्हणजे टाइल्स फुटणार. फुटल्या की कळतं, त्या डिझाइनचा मालही बंद झालाय. म्हणून एका भिंतीच्या टाइल्स बदला. मग उरलेल्या तीन वेगळ्या दिसतात, त्याही बदला. तोडताना वॉटरप्रूफिंगला धक्का बसतो आणि खालच्या काकांच्या छताला ओल येते. ते सेक्रेटरींना पत्र देतात, सेक्रेटरी तुम्हाला. पुढच्या एजीएममध्ये पार्किंगचा विषय मागे पडून तुमचं बाथरूम अजेंड्यावर येतं. सोसायटीत वीस वर्षं राहून जी ओळख झाली नव्हती ती नखाएवढ्या रबराने करून दिली.

आता हाच न्याय इतर वस्तूंना लावावा. बल्बचा २२ मिलिमीटरचा खटक्याचा होल्डर घरोघरी एकच असणं बरं नव्हे. बल्ब उडाला की पंख्यासकट छत बदलावं.

काल संध्याकाळी बेल वाजली. खालचे काका. मला वाटलं, ओलीबद्दल बोलायला आले. त्यांच्या हातात दुधाची धुतलेली पिशवी होती.

“आमच्या बेसिनचा मिक्सर,” ते म्हणाले. “तुमच्याकडे बरणी आहे असं कळलं.”

बरणी उपडी केली. तिसरं बसेल असं वाटलं. काका डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

“खुंट्या?” मी विचारलं.

“तिरक्या,” काका म्हणाले.