डायनॅमो का बदलला नाही: एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. डायनॅमो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बदलायला सांगूनही आम्ही 'एक वायर नि एक रिले' (पुढची-मागची बॅटरी जोडणारा स्विच) टाकून ३,४०० रुपये घेतले. कॅम्पर, म्हणजे मागे राहायची केबिन असलेली तुमची गाडी, दोन दिवस आमच्या वागळे इस्टेटच्या गॅरेजात अडकवली. आणि पंधरा दिवसांत बॅटरी पुन्हा उकळली. पहिल्या तक्रारीवर उत्तर आहे, दुसरी खरी आहे, तिसरीत आमची चूक आहे पण ती डायनॅमोची नाही.

गाडी आली त्या दिवशी २,००० आरपीएमवर घेतलेली रीडिंग जॉबकार्डवर आहेत: डायनॅमोच्या बी प्लसला (करंट बाहेर पडतो त्या टोकाला) १५.५ व्होल्ट, इंजिनच्या बॅटरीवर १५.४, मागच्या केबिनच्या बॅटऱ्यांवर १४.५. बारा व्होल्टच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.५ पाहिजे. पंधराच्या वर गेलं की बॅटरीतलं पाणी उडायला लागतं. पहिला आकडा बघून कोणीही डायनॅमो खाली उतरवेल. पण मागे १४.५ आहे म्हटल्यावर पाना खाली ठेवायचा आणि वायर शोधायची.

बॅटरीवर किती व्होल्ट आहेत हे रेग्युलेटरला (डायनॅमोचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागाला) कळवणारी एक बारीक सेन्स वायर असते. तुमच्या गाडीत बॉडी बांधताना ती मागच्या बॅटऱ्यांवर, म्हणजे रिलेच्या पलीकडे जोडली होती. रिलेचे पॉइंट जळाले होते आणि त्यांच्यात ०.९ व्होल्ट पडत होते. रेग्युलेटर मागे १४.५ राखायला जायचा, त्यापायी पुढची बॅटरी १५.४ खायची. रेग्युलेटर बरोबर काम करत होता, खबर चुकीच्या जागेवरून येत होती. नवाकोरा डायनॅमो बसवला असता तरी मीटरवर हाच आकडा आला असता. तीस अँपिअर जाताना ०.९ व्होल्ट पडले म्हणजे २७ वॅटची उष्णता त्या एवढ्याशा डबीत. तिच्या बुडाचं प्लास्टिक वितळून थिंबलला (वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपीला) चिकटलंय. जुना रिले पिशवीत घालून ड्रायव्हर सीटखाली ठेवलाय, उघडून बघा.

सेन्स वायर आम्ही इंजिनच्या बॅटरीच्या प्लसवर आणली, टर्मिनलजवळ फ्यूज दिला, रिले नवा टाकला. त्यानंतर तिन्ही ठिकाणी १४.२ ते १४.३. इंजिन ब्लॉक ते बॅटरी मायनस ०.०५ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग चांगलं. घोडबंदरच्या रांगेत आयडलला एसी, लाइट चालू असताना १३.६ दिसलं तर घाबरू नका, ते ठीक आहे.

दोन दिवसांचं म्हणाल तर रिले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. सेन्स वायर पहिल्याच दिवशी हलवली होती, त्यामुळे रिलेशिवाय गाडी नेता आली असती. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. राहिलं, त्याबद्दल माफ करा.

आता तिसरी गोष्ट. तुम्ही टाकलेल्या फोटोत केबिनच्या मीटरवर १५.६ आहे, पण मागे डॅशबोर्ड पूर्ण काळा आहे, चावी बंद. तुम्हीच लिहिलंय की सकाळी अकराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये वास आला. इंजिन बंद असताना डायनॅमो चार्ज करूच शकत नाही. टपावर सोलर आहे, उन्हाची वेळ आहे, म्हणजे संशय सोलर कंट्रोलरवर, पॅनलकडून बॅटरीचं चार्जिंग आवरणाऱ्या डबीवर. त्यात बॅटरीचा प्रकार 'फ्लडेड' (पाणी घालायची साधी बॅटरी) ठेवला तर काही कंट्रोलर ठरावीक दिवसांनी इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला जादा चार्जिंग) करतात आणि मुद्दाम पंधराच्या वर नेतात. तुमच्या मागच्या बॅटऱ्या सीलबंद एजीएम (पाणी न घालायच्या प्रकारच्या) आहेत, त्यांना हे चालत नाही. त्यात त्या सीटखालच्या बंद पेटीत. तापमान पंचवीस अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशाला चार्जिंग ०.०२ ते ०.०३ व्होल्टने उतरवावं लागतं. पेटीत चाळीस अंश झाले तर १४.४ च्या जागी १४ च पुरे. जॉबकार्डवर 'डायनॅमो ओव्हरचार्ज' एवढंच लिहिलं होतं, म्हणून सोलर बघितला नाही. बघायला हवा होता.

तोपर्यंत वास आला तर खिडक्या उघडा आणि गॅस पेटवू नका. सोलर पॅनलचा एमसीबी (सेफ्टी स्विच) आधी पाडा, बॅटरीची बाजू नंतर. उलट केलं तर कंट्रोलर जाऊ शकतो. मागच्या दोन बॅटऱ्यांची जोड काढून बारा तासांनी वेगवेगळं रीडिंग घ्या. एकीवर १२.७ आणि दुसरीवर १०.६ आलं तर दुसरीचा एक सेल बसलाय. ती जोडीत ठेवली की चांगली बॅटरीही तिच्यापायी मरते.

आणि दुसऱ्या मेकॅनिकने चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून 'डायनॅमो गेलाय' हे दाखवलं, असं लिहिलंय. कृपा करून हे पुन्हा कोणाला करू देऊ नका. ओझं अचानक सुटलं की व्होल्टेज उसळतं. डायोड, रेग्युलेटर, कधी ईसीएमही (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातो. आमच्या रीडिंगनंतर हे झालं असेल तर डायोड पुन्हा तपासावे लागतील.

गाडी आणा, सकाळी दहाच्या आत आणलीत तर बरं. ऊन चढताना कंट्रोलर काय करतो ते मीटर लावून बघता येईल. तपासणीची मजुरी घेणार नाही. सेटिंगच चुकलं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. एजीएम फुगली असेल तर मात्र ती बदलावी लागेल, तिचा खर्च तुमचा.