पेन्शनर कोंबड्या

आमच्याकडे कोंबड्या आहेत हे कळलं की माणसं दोनच प्रश्न विचारतात, अंडी किती देतात आणि कापणार कधी. मधलं काही कुणाला ऐकायचंच नसतं, आणि सगळं भोगायचं असतं ते मधेच. बोरिवलीला गावठाणात सासऱ्यांचं बैठं घर, मागे नारळाखाली थोडी जागा, बाकी चहूबाजूंनी टॉवर. टॉवरवाले बाल्कनीतून आमच्या कोंबड्या बघतात आणि खाली आले की विचारतात, ‘गावठी अंडी मिळतील का?’

अहो, तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, पाच महिन्यांची होईपर्यंत नुसती खाते. मग एक दिवस लिंबापेक्षा जरासं मोठं अंडं देते आणि अख्ख्या गल्लीला ओरडून सांगते. आम्हीपण स्टेटसला टाकलं. नवऱ्याने लगेच खाद्य, जाळी, सुताराची मजुरी सगळं धरून त्या एका अंड्याचा भाव काढला, तो मी इथे लिहीत नाही, सासूबाई वाचतात.

पहिलं वर्ष मात्र मजेत गेलं. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले वीसेक तास तर नुसत्या कवचाला, म्हणून आजचं अंडं कालच्यापेक्षा उशिरा येतं, उद्याचं अजून उशिरा, आणि असं सरकत सरकत दुपार टळली की बाई एक दिवस सुट्टी घेते. हे कळेपर्यंत सासूबाईंचा शेजारच्या मांजरावर संशय होता. अजूनही आहे म्हणा.

मग आमच्यातली एक कोंबडी, मंदा, खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला. खाली अंडं नाही, काही नाही, रिकाम्या खोक्यात पिसं फुलवून बसलेली, हात घातला की टोचणार. कोंबडा आमच्याकडे नाहीच, तर पिल्लं कुठून येणार, पण हे तिला सांगायचं कुणी? आपण काही केलं नाही तर तीन आठवडे आरामात बसतात आणि तोवर अंडी बंद. सासूबाई म्हणाल्या पाण्यात बुचकळ, माझं काही मन होईना, म्हणून खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली तर दिवसभर अशी कण्हत होती की टॉवरमधून फोन आला, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का.

थंडीत अजून वेगळी तऱ्हा. अंडी नीट यायला १४-१५ तास उजेड लागतो आणि मुंबईत डिसेंबरचा दिवस जेमतेम ११ तासांचा. म्हणून खुराड्यात टायमर लावून बल्ब, तोही पहाटे, कारण संध्याकाळी लावला आणि पटकन विझला तर त्या दांडीवर चढायच्या आधीच अंधारात अडकतात. आता पहाटे चारला आमच्या खुराड्यात लाइट लागतो आणि समोरच्या काकांची झोप उडते. ते मला आता गुड मॉर्निंगही म्हणत नाहीत.

दीड वर्षाची झाली आणि कुंदाने पिसं गाळली. पावसाळा सरता सरता ही सुरुवात, मागची बाजू पार उघडी, आणि दोन-तीन महिने अंडी शून्य, कारण पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, ते नवीन पिसांत जातं. म्हणून तिला सुका जवळा. आम्ही मोजून खातो तो जवळा ती पायाने उधळते.

त्यानंतर दरवर्षी अंडी कमीच होत जातात. अंडं मोठं होतं पण कवच पातळ, शिंपल्यांचा चुरा कितीही घाला. पोल्ट्रीवाले दीडेक वर्षात हिशोब मिटवून मोकळे होतात. घरची कोंबडी सहा-आठ वर्षं आरामात जगते, म्हणजे जास्तीचा काळ पेन्शनच.

वसईच्या आत्याबाई आल्या तेव्हा त्यांनी कुंदाला सरळ काखेत धरलं आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं टेकवून बघितली. ‘दोन-तीन बोटं मावली की अंडी चालू,’ म्हणाल्या, मग पुन्हा चाचपलं. ‘एकच जातंय गो.’ तुराही फिकट पडलेला. घरात कुणी काही बोलेना. आणि नेमके आषाढाचे दिवस, गटारी चार दिवसांवर!

दीर आले. ‘वहिनी, ती म्हातारी झाली ना? उगाच दाणे कशाला घालताय?’

स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या, कंबरेला खोचलेल्या किल्ल्यांसकट. ‘म्हातारी कोण?’

भावोजी गप्प. गटारीला बाजारातून ब्रॉयलर आणला, खुराड्याला कुलूप, किल्ली सासूबाईंकडे. शिवाय कुंदा कुकरच्या कितीही शिट्ट्यांना शिजली नसती असं माझं मत, पण ते मी बोलले नाही.

निघताना भावोजी चपला घालत म्हणाले, ‘बरं, निदान चार-सहा गावठी अंडी तरी द्या वहिनी, उद्यापासून श्रावण, आजच खाऊन टाकतो.’ मी फ्रीज उघडला. आत कोपऱ्यावरच्या दुकानातला अख्खा ट्रे होता, पांढराशुभ्र, वरती दुकानाचं बिल तसंच.