‘कॉइल शॉर्ट दिली’ या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या तीन तक्रारी आहेत: १० एचपी ड्राइव्हसाठी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) नेलेला आमचा १६ अँपिअरचा थ्री फेज चोक (लोखंडी कोअरवर गुंडाळलेल्या कॉइल) मल्टिमीटरवर शून्य ओहम दाखवतो म्हणजे कॉइल शॉर्ट आहे, हात लावू देत नाही इतका तापतो, आणि शिट्टीसारखा वाजतो.

आधी शून्य ओहमचं. चोकची तार जाड तांब्याची आणि थोडक्या वेढ्यांची असते. तिचा रेझिस्टन्स ०.०५ ओहमच्या आसपास. मीटरच्या वायरींचाच त्याहून जास्त भरतो. ट्यूबलाइटचा जुना चोक तीसेक ओहम दाखवायचा, कारण त्यात बारीक तार भरपूर लांब असते. तीच सवय इथे नडते. एसी करंटला अडवतो तो इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला कॉइलचा होणारा विरोध. लेबलवर १.४ मिलिहेन्री लिहिलंय, म्हणजे ५० हर्ट्झला ०.४४ ओहम, आणि पूर्ण १६ अँपिअरला जेमतेम ७ व्होल्टचा ड्रॉप. फेजच्या २४० व्होल्टचे हे ३ टक्के, ‘३ टक्के चोक’ म्हणतात तो हाच. ओहम रेंजवर हे दिसणारच नाही.

तापण्याचं आणि शिट्टीचं कारण तुम्हीच टाकलेल्या फोटोत आहे. चोक ड्राइव्हच्या यू-व्ही-डब्ल्यू टर्मिनलवर, म्हणजे मोटरच्या बाजूला जोडलाय. हा इनपुट चोक आहे, म्हणजे सप्लायच्या बाजूला लावायचा. आउटपुटला ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा स्विचिंग करतो. ५० हर्ट्झसाठी बनवलेली कोअरची ०.५ मिमीची पत्ती त्या फ्रिक्वेन्सीला आतून तापते आणि शिट्टी घालते. तिथेच चालू ठेवलात तर इन्सुलेशनचं वार्निश जळेल, मग कॉइल खरोखरच शॉर्ट होईल. आणि कपॅसिटर पॅनल (पॉवर फॅक्टर सुधारणारा) चालू केला की ड्राइव्ह ट्रिप होतो म्हणून चोक नेला होता ना? तो झटका सप्लायकडून येतो. मोटरकडच्या चोकने तो अडणार कसा?

मेन बंद करा, दहा मिनिटं थांबा, डीसी बस (ड्राइव्हच्या आत साठलेला डीसी व्होल्टेज) ५० व्होल्टच्या खाली गेल्याची मीटरवर खात्री करा (चालू असताना तिथे ५८५ व्होल्टच्या पुढे असतात, घाई नको). मग चोक एमसीसीबी (सप्लायचा ब्रेकर) आणि ड्राइव्हची आर-एस-टी ही इनपुट टर्मिनल यांच्या मध्ये घ्या. चहूबाजूंनी १०० मिमी मोकळी जागा ठेवा. टॉवेलच्या कारखान्यात कापसाचा तूस कॉइलच्या फटीत बसतो, हवा अडते. दर आठवड्याला ब्लोअर मारा. एवढं करूनही सोलापूरच्या मे महिन्यात चोक ९०-१०० डिग्रीला जाऊ शकतो. इन्सुलेशन १८० डिग्रीचं आहे, त्यामुळे हात लावून निकाल देऊ नका. बारीक घुमणं राहीलच. खडखड आली तर सप्लाय बंद करून क्लॅम्पचे बोल्ट आवळा.

तरीही शंका असेल तर तुमच्या वायरमनला घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपला या. चोकच्या आउटपुटची तिन्ही टोकं शॉर्ट करून थ्री फेज व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) ५ अँपिअर सोडू. प्रत्येक कॉइलवर २.२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. (घरी एकेका कॉइलला सिंगल फेज देऊन मोजू नका, तीन पायांच्या कोअरमध्ये आकडा एक तृतीयांश कमी येतो आणि पुन्हा गैरसमज होतो.) एखादी कॉइल बाकी दोघींपेक्षा कमी निघाली तर चोक तिथल्या तिथे बदलून देऊ. वार्निश काळं पडलेलं असेल तर रिवाइंडिंगचा खर्च मात्र तुमचा. आणताना ड्राइव्हच्या नेमप्लेटचा फोटो आणि मोटरच्या केबलची लांबी लिहून आणा. केबल ५० मीटरच्या पुढे असेल तर मोटरकडे वेगळा आउटपुट चोक लागू शकतो, त्याचं माप त्याच वेळी काढू.