‘सगळ्या 288 जागा लढवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सरकारनं बाजारातून आणि माणसाच्या खिशातून हात काढावा, असं मानणाऱ्या विदर्भातल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोन दिवसांत पक्ष नोंदवा, 2029 ला विधानसभेच्या सगळ्या 288 जागा लढवा, अर्जेंटिनात मुक्त बाजारवाले हाविएर मिलेई यूट्यूबवर अध्यक्ष म्हणून निवडून आले, तसं इथंही होईल, 1967 ला मुक्त बाजार मानणाऱ्या ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षानं संघटनेशिवाय 44 खासदार आणले, उमेदवार नसेल तिथं ‘नोटा’ दाबायला सांगा, आणि प्रचारात एकच वाक्य ठेवा, सबसिडी, कर्जमाफी, हमीभाव, बाजार समिती सगळं बंद. काटोलकडं संत्र्याची बाग असलेल्या माझ्या भाच्यानं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, फॉर्म भरायची तयारी करू का?’ हा विचार मलाही पटतो. म्हणूनच त्याच्या नावावर पोरांना असं भरीला घालणं सहन होत नाही.

नोंदणी दोन दिवसांत होत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 29 अ. पक्ष स्थापन झाल्यापासून 30 दिवसांच्या आत निवडणूक आयोगाकडं अर्ज, 10,000 रुपये शुल्क, मतदार यादीत नाव असलेले किमान 100 सदस्य आणि आपण दुसऱ्या कुठल्याही पक्षात नाही अशी त्यांची प्रतिज्ञापत्रं. त्यानंतर वर्तमानपत्रांत जाहीर सूचना आणि आक्षेपांसाठी 30 दिवस. यात महिने जातात. शिवाय 1989 च्या दुरुस्तीनंतर पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी राज्यसभेत असताना ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. अट अजून आहे. मुक्त बाजाराचा पक्ष काढणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी कार्यकर्त्यांना सांगायला हवं, नाहीतर नंतर त्यावरूनच भांडणं होतात. महापालिका आणि जिल्हा परिषद लढायची तर राज्य निवडणूक आयोगाकडं वेगळी नोंदणी लागते, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठंच नाही. आणि नोंदवून नुसतं बसूनही चालत नाही. सहा वर्षं एकही निवडणूक न लढलेले 334 पक्ष आयोगानं ऑगस्ट 2025 मध्ये यादीतून काढले.

आता 288 जागा. सगळ्यात घातक सल्ला हाच.

आधी पैसा. विधानसभेची अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. महाराष्ट्रात 54 जागा राखीव आहेत. म्हणजे 234 जागांचे 23 लाख 40 हजार आणि राखीव जागांचे 2 लाख 70 हजार, एकूण 26 लाख 10 हजार रुपये नुसती अनामत. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. पत्रक, गाडी, टेबल, बूथवरच्या माणसाचा चहा हे सगळं यात धरलेलंच नाही.

मग कागद. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर नाव सुचवणारा एक मतदार, म्हणजे सूचक, पुरतो, आपल्याला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. 288 जागांना 2,880 सूचक झाले. एखाद्याचा यादीतला भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक चुकला आणि वेळेत दुरुस्त झाला नाही, की छाननीत अर्ज अडकतो. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती द्यायच्या नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात रकाना कोरा ठेवायचा नसतो, ‘निरंक’ लिहायचं असतं. हा आमचा उमेदवार, असं पक्ष ज्यांवर लिहून देतो त्या नमुना अ आणि ब वर शाईची सही हवी आणि ते अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत पोहोचले पाहिजेत. व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत छापून नेली तर उमेदवार पक्षाचा धरला जात नाही.

आणि खरी गोची निकालानंतर सुरू होते. पडलेल्या उमेदवारालाही निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, एक रुपया खर्च झाला नसला तरी. त्यासाठी अर्ज भरण्याआधी वेगळं बँक खातं, रोजची नोंदवही, प्रचाराच्या काळात तपासणी. योग्य कारणाशिवाय हिशेब दिला नाही तर कलम 10 अ खाली आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो. संविधानाच्या अनुच्छेद 243 एफ नुसार विधानसभेला अपात्र असलेला माणूस ग्रामपंचायतीलाही उभा राहू शकत नाही. म्हणजे ज्या पोराकडून गावात खरंच काम झालं असतं, त्यालाच ‘फक्त नाव लाव, बाकी आम्ही बघतो’ म्हणत उभं करायचं आणि निकालानंतर त्याचा फोन उचलायचा नाही. मोठ्या पक्षाचा हिशेब सांभाळायला माणूस असतो. आपल्याकडं 288 हिशेबनीस कुठून येणार?

मग किती जागा? उत्तर निवडणूक चिन्हे आदेश 1968 च्या परिच्छेद 10 बी मध्ये आहे आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तो वाचलेला दिसत नाही. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षानं राज्यातल्या किमान 5 टक्के जागा लढवल्या तर सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह मिळू शकतं. 288 चे 5 टक्के म्हणजे 15. विदर्भात 62 जागा आहेत. त्यांतल्या शेजारशेजारच्या 15 निवडायच्या. अर्ज विधानसभेची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि मोकळ्या चिन्हांत आधी येणाऱ्याला आधी मिळतं.

फॉरवर्डच्या बाजूचा अर्धा मुद्दा इथं मान्य करावा लागतो. एकाच चिन्हाची ही सवलत पुढच्या वेळीही हवी असेल तर राज्यात 1 टक्का मतं लागतात. 2024 ला महाराष्ट्रात साधारण 6 कोटी 40 लाख मतदान झालं, म्हणजे 6 लाख 40 हजार मतं. 15 जागांत ती दर जागेला जवळपास 43 हजार पडतात. 288 जागांत वाटली तर सव्वादोन हजार. कागदावर दुसरं सोपं वाटतं. पण राज्यात मतदान केंद्रं एक लाखाच्या आसपास आहेत, 15 जागांत ती सव्वापाच हजार. जिथं आपल्या चिन्हाची स्लिप कुणी वाटत नाही, मोजणीला प्रतिनिधी बसत नाही, तिथं सव्वादोन हजार माणसं आपलं चिन्ह शोधून बटण दाबतील असं मानायला आधार नाही.

मिलेईंचं उदाहरण देणाऱ्यांनी तिथली निवडणूक कशी होते ते तरी बघावं. 2021 ला ब्युनोस आयर्स शहरात त्यांच्या यादीला सुमारे 17 टक्के मतं मिळाली आणि मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीमुळं संसदेच्या दोन जागा आल्या. इथं 17 टक्क्यांत जेमतेम अनामत वाचते. 2023 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत तर त्यांचे प्रतिस्पर्धी मासा 36 टक्क्यांवर पुढं होते आणि मिलेई 30 वर मागं; आपल्यासारखी पद्धत असती तर त्याच दिवशी मासा अध्यक्ष झाले असते. दुसरी फेरी होती आणि महागाईचा दर 140 टक्क्यांच्या वर गेला होता, म्हणून ते निवडून आले. अमेरिकेतल्या लिबर्टेरियन या मुक्त बाजारवाल्या पक्षाचंही तेच. 2016 ला त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना देशभर विखुरलेली जवळपास 45 लाख मतं पडली, त्यांतून अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाचं एकही मत आलं नाही.

1967 चे 44 खासदार ही गोष्ट खरी. ‘संघटनेशिवाय’ हे खोटं. काँग्रेसनं जानेवारी 1959 मध्ये आपल्या नागपुरातच सहकारी शेतीचा ठराव केला, त्याच्या विरोधात राजाजी, मसानी, रंगा हे नेते एकत्र आले आणि स्वतंत्र पक्ष निघाला. पण 44 पैकी 34 खासदार चार राज्यांतून आले: गुजरात 12, ओरिसा 8, राजस्थान 8, मद्रास 6. कुठं संस्थानिक घराण्यांची माणसं होती, मद्रासमध्ये द्रमुकशी युती होती. महाराष्ट्रात पक्ष रुजला नाही. 1971 ला 8 वर आला, 1974 ला विलीन झाला. मतं एका जागी गोळा असली की जागा येतात, हे पाहायला नागपूरही पुरेसं आहे: 2017 च्या महापालिकेत 151 पैकी बसपाचे 10 नगरसेवक आले, कारण त्यांची मतं उत्तर नागपुरात एकवटलेली होती. शरद जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षाचे वामनराव चटप 2004 ला राजुऱ्यातून निवडून आले, त्यामागं तिथलं शेतकरी संघटनेचं वर्षानुवर्षांचं काम होतं.

नोटाबद्दल फार लिहायची गरज नाही. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. निकालावर काडीचा फरक पडला नाही. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची, असा राज्य आयोगाचा 2018 चा आदेश आहे, तेवढं खरं. विधानसभेला तो लागू नाही. ‘नोटा’ला मिळालेलं मत आपल्या 1 टक्क्यात धरलं जात नाही, मग तो प्रचार आपण का करायचा?

राहिला ‘सगळं बंद’ हा नारा. फळं-भाजीपाला 2016 लाच नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक मिळाली, आडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. तरी संत्रा नागपूरच्या कळमना बाजार समितीतच येतो, कारण खरेदीदार आणि रोकड तिथं आहे. ‘बाजार समिती बंद’ म्हटलं की शेतकऱ्याला आपलं गिऱ्हाईकच जाणार असं वाटतं. ‘कळमना राहू द्या, तुमच्या बांधावर दुसरा खरेदीदार येऊ द्या’ असं म्हटलं तर तो थांबून ऐकतो. कर्जमाफीला विरोध करण्याआधी कर्ज का झालं ते बोला: डिसेंबर 2021 मध्ये केंद्रानं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले, जून 2023 मध्ये तुरीवर साठ्याची मर्यादा आणली. भाव चढू लागला की दिल्लीतून हात येतो, हे वरूड-काटोलच्या माणसाला तत्त्वज्ञान न शिकवता कळतं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा म्हणूनच चालली. तिनं आधी दाम मागितला. पत्रकात एका बाजूला एक पीक, एक सरकारी आदेश आणि त्याची तारीख. दुसऱ्या बाजूला आपली एक मागणी. तत्त्वांची यादी छापली तर ते पत्रक टपरीवर पुडी बांधायला जातं.

शहरात सीताबर्डीच्या हातगाडीवाल्याला ‘मुक्त अर्थव्यवस्था’ म्हणू नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण झाल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून द्यायचे असतात. त्या समितीची पुढची निवडणूक कधी, मतदार यादीत कुणाची नावं आहेत, कुणाची गळली आहेत, हे महापालिकेत जाऊन विचारा. त्यासाठी पक्षाची नोंदणी लागत नाही, हे काम या आठवड्यात सुरू करता येतं.