राजीखुशीनं सोडताय ना?

सकाळी धाकट्या भावाचा मेसेज. "ताई, सोमवारी ये. हक्कसोडपत्रावर सही करायचीय. फॉर्मॅलिटी आहे नुसती." पाठोपाठ वहिनीचा. "ताई, साडी कुठल्या रंगाची आणू?"

म्हणजे जमिनीतला माझा वाटा भावासाठी सोडून द्यायचा, आणि वर साडी! इथं डोकं फिरलं माझं. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरका.

१९९१ साल. आजोबा गेल्यावर आत्याला रजिस्ट्रार ऑफिसात नेलं होतं. मी तेरा वर्षांची, तिच्याशेजारी बाकावर. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?" आत्यानं आधी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, मग ती "हो" म्हणाली. सही करताना तिनं माहेरचं आडनाव लिहिलं. कारकून खेकसला, ते खोडून सासरचं लिहायला लावलं. बाहेर आल्यावर बाबांनी मोरपंखी साडीचा बॉक्स तिच्या हातात ठेवला.

पुरुषसत्ता आली कुठून यावर लोक पानंच्या पानं लिहितात. धर्म, मनू, पुरुषांचं अंगबळ. असेल बुवा. मला ती सातबाऱ्यावर दिसते. जमीन ज्याच्या नावावर त्याचा वंश, वंशाला दिवा हवा, म्हणून मुलगी परक्याचं धन. लावणीला, खुरपणीला कंबर मोडेस्तोवर बायकाच आणि उताऱ्यावर त्यांचं नाव लागलंच तर 'इतर हक्क'मध्ये, बँकेच्या बोजाशेजारी!

कायदे झाले, नाही कशाला म्हणू. बायकांना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल अडवून ठेवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, हे तरी आपण विसरू नये. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा मिळाला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क मुलालाच. १९९४ ला महाराष्ट्रानं तो मुलींनाही दिला, तोही २२ जूनच्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे अक्षता पडल्या की हक्क संपला. २००५ मध्ये देशभर मुलगी मुलाच्या बरोबरीला आली आणि तो कायदा लागू झाला त्या दिवशी बाप हयात नसला तरी तिचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं २०२० मध्ये. एवढं सगळं होऊन गेलं, आणि आमच्याकडे अजून साडीचा रंग विचारतात.

आता कमेंटमध्ये येणारच, भाऊ आईबापाला सांभाळतो. सांभाळतो की. म्हणजे वहिनी सांभाळते, आणि उताऱ्यावर तीही नाही. जमिनीला भाव आल्यावरच काही बहिणींना माहेर आठवतं, हेही कबूल. भावांना मात्र ती जमीन फुलं वाहायला हवी असते, नाही का?

बाबांवर चिडून लिहायला बसले होते. पण माणूस वाईट नव्हता हो. एक भाऊबीज चुकवली नाही त्यांनी. आत्याचे मालक गेले तेव्हा रात्रीची एसटी धरून पहिले तेच पोचले. पण ती महिनाभर आमच्याकडे राहिली, तेव्हा तिच्या पिशव्या बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात बांधलेल्याच असायच्या. कपाटातला एक कप्पा रिकामा करून द्यावा, असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. आणि माझी कॉलेजची फी ज्या उसाच्या बिलातून गेली, तो ऊस तिनं सोडलेल्या वाट्यावरही उभा होता. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दुपारी तिला फोन केला. सही करू का, म्हटलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माहेर तुटेल गं." थोड्या वेळानं, "माझं तरी कुठं राहिलं होतं म्हणा." मग गुडघेदुखीवर बोलत बसली.

भावाला आत्ताच लिहिलंय. सोमवारी येते. सगळ्या गटांचे सातबारे काढून ठेव, आधी वारसनोंदीत माझं नाव लागू दे, सोडायचं की नाही ते मग मी ठरवीन. साडी आणू नका. आत्याही येतेय सोबत. तिची ती मोरपंखी अजून बॉक्समध्येच आहे, घडी न मोडलेली. सोमवारी तीच नेसणार म्हणतेय.